कंपनीने अंग काढून घेतल्यावर

१४ जानेवारी २०२० रोजी मायक्रोसॉफ्टने 'विंडोज १० मोबाइल' या फोनच्या ऑपरेटिंग सिस्टिमला शेवटचे अपडेट दिले आणि यापुढे काही मिळणार नाही असे सांगून टाकले. आधी जाहीर केलेली तारीख १० डिसेंबर २०१९ होती. ती महिनाभर पुढे ढकलली, एवढीच काय ती सवलत. आपल्याच गिऱ्हाइकांना कंपनीने दिलेला सल्ला तर अगदी सरळ होता: अँड्रॉइडवर किंवा आयफोनवर जा. पण त्या दिवशी कोणाचाही लुमिया, म्हणजे या प्रणालीवरचा नोकिया-मायक्रोसॉफ्टचा फोन, बंद पडला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गजर वाजला, फोन आले-गेले, फोटो निघाले. 'सपोर्ट संपला' म्हणजे नेमके काय संपले, हे वापरणाऱ्याला उमगत नाही ते यामुळेच. मग लोक दोन टोकांना जातात. काहीजण म्हणतात, चालतोय तोवर चालवू. काहीजण त्याच आठवड्यात नवा फोन आणतात आणि जुना फोटो-नंबरांसकट कपाटाच्या खणात जाऊन पडतो. माझ्या मते दोघांचेही चुकते आणि चूक एकाच जागी आहे. फोन ही एक अखंड वस्तू आहे, ती एकतर चालू असते नाहीतर बंद, असे दोघेही धरून चालतात. खरे तर फोन तुकड्यातुकड्याने निकामी होतो. प्रत्येक तुकड्याची तारीख वेगळी असते आणि त्यातल्या बहुतेक तारखा फोन बनवणाऱ्या कंपनीच्या हातातही नसतात. तेव्हा निर्णयही तुकड्यांनीच घ्यायला हवा. आतली माहिती आधी, आणि तीही लगेच, बाहेर काढावी. पैशांचे व्यवहार त्याच्या पाठोपाठ हलवावेत. हँडसेट टाकण्याची मात्र मुळीच घाई करू नये.

हे पटण्यासाठी विंडोज १० मोबाइलचा पूर्वज असलेल्या विंडोज फोनपासूनचा प्रवास पाहण्यासारखा आहे. २०१० च्या अखेरीस तो बाजारात आला. फेब्रुवारी २०११ मध्ये नोकियाने आपली सिम्बियन प्रणाली बाजूला सारून मायक्रोसॉफ्टशी हातमिळवणी केली. त्या काळात भारतात घरोघरी नोकिया होता, त्यामुळे हा निर्णय आपल्याकडच्या लाखो खिशांपर्यंत पोचणारा होता. पुढे लुमिया ५२० सारख्या स्वस्त फोनमुळे विंडोज फोन इथे बऱ्यापैकी रुळलाही. पण पहिला फटका फार लवकर बसला होता. एप्रिल २०१२ मध्ये अमेरिकेत लुमिया ९०० हा तेव्हाचा सगळ्यात मानाचा फोन विक्रीला आला आणि जूनमध्ये मायक्रोसॉफ्टने सांगितले की येऊ घातलेली विंडोज फोन ८ ही आवृत्ती आधीच्या कुठल्याच फोनवर चढणार नाही. दोन महिन्यांपूर्वी घेतलेला फोन जुना ठरला. २०१४ मध्ये नोकियाचा फोनधंदा मायक्रोसॉफ्टने सुमारे ७.२ अब्ज डॉलरला विकत घेतला आणि वर्ष-सव्वा वर्षात, जुलै २०१५ मध्ये, ७.६ अब्ज डॉलर बुडीत खात्यात टाकले, म्हणजे खरेदीच्या किमतीपेक्षाही जास्त. (चेन्नईजवळचा श्रीपेरुंबुदुरचा नोकियाचा कारखाना करांच्या वादामुळे या सौद्यात गेलाच नाही, नोव्हेंबर २०१४ मध्ये तिथले उत्पादन थांबले.) ऑक्टोबर २०१७ मध्ये कंपनीचे वरिष्ठ अधिकारी जो बेल्फिओरे यांनी ट्विटरवर मान्य केले की नव्या सोयी आणि नवे फोन यांवर आता आपला भर नाही. अधिकृत शेवट त्यानंतर सव्वादोन वर्षांनी झाला. त्या अवधीत फोन विकत घेणाऱ्याला पेटीवर याचा काही मागमूस दिसण्याचे कारण नव्हते.

या सगळ्यात कंपनीची तारीख सर्वांत कमी महत्त्वाची ठरली. व्हॉट्सॲपने विंडोज फोनवरून ३१ डिसेंबर २०१९ ला काढता पाय घेतला, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्याही दोन आठवडे आधी. आपल्याकडे ज्याच्या फोनवर व्हॉट्सॲप नाही त्याचा फोन असून नसल्यासारखा. पण त्याच्याही कितीतरी आधी, डिसेंबर २०१६ च्या अखेरीला, नोटाबंदीच्या धामधुमीत 'भीम' हे पैसे पाठवण्याचे ॲप आले ते अँड्रॉइडसाठी. थोड्या आठवड्यांत आयफोनवर आले. विंडोज फोनच्या वाट्याला ते आलेच नाही. भारतातल्या लुमियावाल्यासाठी खरी धोक्याची घंटा तेव्हाच वाजली होती. याचे कारण भावनिक नाही, हिशेबाचे आहे. ॲप बनवणाऱ्याला प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमसाठी वेगळे काम करावे लागते, वेगळी माणसे पोसावी लागतात. वापरणारे थोडे असले की तो खर्च परवडत नाही. ॲप नाही म्हणून वापरणारे आणखी घटतात. ते घटले म्हणून पुढचे ॲप जाते. ज्या गावचा आठवडी बाजार हळूहळू शेजारच्या गावी सरकतो तिथे एका मंगळवारी सगळी पाले एकदम उठत नाहीत. आधी कापडवाला यायचा थांबतो, मग मसालेवाली, आणि शेवटी भाजीसुद्धा शेजारच्या गावाहून आणावी लागते. तेव्हा आपल्या ऑपरेटिंग सिस्टिमचे काय चालले आहे हे कळायला कंपनीच्या निवेदनांपेक्षा बँकेचे ॲप, व्हॉट्सॲप आणि पैसे पाठवण्याचे ॲप काय करतात ते पाहावे. त्यातल्या एकाने 'तुमच्या फोनवर यापुढे अपडेट मिळणार नाही' अशी सूचना दिली की आपले घड्याळ सुरू झाले असे समजावे.

ॲप दिसतात तरी. त्यांच्याखालचे थर दिसत नाहीत. ब्लॅकबेरीचे उदाहरण त्यासाठी सर्वांत बोलके. ४ जानेवारी २०२२ पासून ब्लॅकबेरीने आपल्या जुन्या प्रणालींना लागणाऱ्या सेवा बंद केल्या आणि आधीच बजावले की त्यानंतर या फोनांवर इंटरनेट, एसएमएस, एवढेच काय साधा कॉल आणि आपत्कालीन क्रमांकसुद्धा भरवशाने चालेलच असे नाही. (ब्लॅकबेरीच्याच नावाचे पण अँड्रॉइडवर चालणारे फोन यातून सुटले.) 'मला काय, मी फक्त बोलण्यापुरता फोन वापरतो' असे म्हणणाऱ्याचाही पाया कुठेतरी कंपनीच्या सर्व्हरवर असू शकतो तो असा. दुसरा अदृश्य थर सुरक्षा प्रमाणपत्रांचा. समोरची वेबसाइट खरी की खोटी हे ठरवायला फोनमध्ये विश्वासार्ह प्रमाणपत्रे देणाऱ्यांची एक यादी असते आणि यादीतल्या प्रत्येक नोंदीला मुदत असते. अपडेट येत राहिले तर यादी ताजी राहते. ३० सप्टेंबर २०२१ ला अशाच एका मोठ्या प्रमाणपत्राची मुदत संपली आणि अपडेट थांबलेल्या कित्येक जुन्या यंत्रांवर धडधाकट वेबसाइट 'असुरक्षित' म्हणून नाकारल्या जाऊ लागल्या. फोनमध्ये काहीही मोडले नव्हते. तिसरा थर मोबाइल जाळ्याचा. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले ते निव्वळ ४जी घेऊन. तिथे बोलणेही इंटरनेटच्याच वाटेने जाते आणि ती सोय ज्या फोनात नाही त्यावरून थेट कॉल लागत नाही. पुढे एअरटेलने ३जी गुंडाळले. म्हणजे जुन्या ३जी फोनला बोलण्यासाठी २जी उरले, पण त्यातले इंटरनेट रांगायला लागले. हे निर्णय ना मायक्रोसॉफ्टचे होते ना नोकियाचे.

आता निर्णयाकडे येऊ. सर्वांत निकड आहे ती माहिती बाहेर काढण्याची, कारण बाहेर पडण्याची वाटही त्याच कंपनीने बांधलेली असते आणि तिलाही कुलूप लागते. मायक्रोसॉफ्टने सपोर्ट थांबवल्यावर फोनच्या सेटिंगचा आणि काही ॲपचा आपोआप बॅकअप घेण्याची सोय मार्च २०२० पर्यंतच चालेल असे सांगितले होते. जे लोक 'बघू सावकाश' म्हणत राहिले त्यांच्या हातात फोन चालू होता, पण ही वाट बंद झाली होती. ब्लॅकबेरी मेसेंजरची गत आणखी वाईट. तिथे माणसाची ओळख फोन नंबरने नव्हे, आठ अक्षर-आकड्यांच्या पिनने होत असे. ३१ मे २०१९ ला सर्वसामान्यांसाठीची ती सेवा बंद झाली तेव्हा ज्यांचा फक्त पिन जवळ होता अशा ओळखी एका दिवसात निरर्थक झाल्या. व्हॉट्सॲपच्या गप्पांचेही तसेच. विंडोज फोनवरच्या गप्पा अँड्रॉइडवर जशाच्या तशा नेण्याची अधिकृत सोय नव्हती. एकेक संभाषण ईमेलने स्वतःला पाठवून ठेवणे एवढाच मार्ग होता. आयफोन आणि अँड्रॉइड यांच्यात गप्पा हलवण्याची सोय २०२१-२२ मध्ये आली, तोवर विंडोज फोनवाले कधीच पांगले होते.

म्हणून बॅकअप घेतला की झाले, हे पुरेसे नाही. तो कुठे उघडतो हा खरा प्रश्न. मराठी छापखान्यांना आणि लेखकांना हे वेगळे सांगायला नको. श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फाँटमध्ये टंकलेले हजारो मजकूर तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडले की रोमन अक्षरे आणि चिन्हांची खिचडी दिसते. फाइल शाबूत, मजकूर हरवलेला. युनिकोडमध्ये टंकलेला मजकूर मात्र संगणकावरून फोनवर, फोनवरून कुठेही गेला तरी वाचता येतो. फोनच्या बाबतीत हीच कसोटी लावावी. फोटो साध्या जेपीजी फाइल म्हणून संगणकावर किंवा पेनड्राइव्हवर उतरले का? नंबरांची यादी व्हीसीएफ फाइल म्हणून निघाली का, आणि ती दुसऱ्या कंपनीच्या फोनवर उघडून पाहिली का? टिपणे, ध्वनिमुद्रणे, गेलेल्या माणसाचे जपून ठेवलेले एसएमएस हे त्या ॲपच्या पोटातून बाहेर आले का? कंपनीच्याच क्लाउडमध्ये ठेवलेला बॅकअप, जो फक्त त्याच कंपनीच्या फोनवर परत येतो, तो बॅकअप नव्हे. तो त्याच बुडत्या जहाजाचा दुसरा मजला आहे. विकत घेतलेली ॲप आणि खेळ मात्र सोडून द्यावेत. ते दुसऱ्या प्रणालीवर येत नाहीत आणि त्यांच्यापायी जुन्या फोनला चिकटून राहणे म्हणजे गेलेल्या पैशांमागे आणखी काही पाठवणे.

पैशांचे काम दुसऱ्या क्रमांकावर, पण त्याची मुदत सर्वांत कडक. सुरक्षेचे अपडेट थांबले याचा अर्थ फोनमध्ये नव्याने सापडलेली प्रत्येक फट कायम उघडी राहते आणि ती सापडल्याची बातमी चोरांनाही मिळते. जुलै २०१५ मध्ये अँड्रॉइडमधला 'स्टेजफ्राइट' नावाचा दोष उजेडात आला. मुद्दाम घडवलेला एक एमएमएस पाठवून फोनमध्ये शिरता येत होते, समोरच्याने तो उघडण्याचीही गरज नव्हती. गुगलने दुरुस्ती तयार केली, पण ज्या कंपन्यांनी आपले जुने फोन वाऱ्यावर सोडले होते त्यांच्या गिऱ्हाइकांपर्यंत ती पोचलीच नाही. अशा फोनवर कॅमेरा वापरणे ठीक, बँक वापरणे नव्हे. यूपीआय तर सिम आणि हँडसेट या जोडीला बांधलेले असते. नव्या फोनमध्ये सिम घालून नव्याने नोंदणी केली की काम होते. अडचण येते ती ओटीपीऐवजी सहा आकडी कोड तयार करणाऱ्या ऑथेंटिकेटर ॲपची. ते कोड बहुधा जुन्या फोनच्याच पोटात असतात. तो फोन पुसण्याआधी प्रत्येक खात्याचे रिकव्हरी कोड कागदावर उतरवून घेतले नाहीत तर ईमेलच्या दारात आपणच उपरे ठरतो. नवा स्मार्टफोन घेणे परवडत नसेल किंवा नकोच असेल तर साध्या बटणांच्या फोनवरून पैसे पाठवण्यासाठी रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये '१२३पे' ही सोय आणली आहे. ती धीमी आहे, पण अपडेट नसलेल्या स्मार्टफोनवरच्या बँकेपेक्षा मी ती निवडेन.

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो पोकळ नाही. कंपन्यांना नवे फोन खपवायचे असतात, म्हणून चांगले चालणारे फोन त्या मुद्दाम म्हातारे करतात. भीती घालून आपल्याला दुकानात ढकलतात. यातले पहिले अर्धे बरेचसे खरे आहे. लुमिया ५२० वर विंडोज १० चढवली नाही ती त्यात मेमरी कमी म्हणून. पण तो स्वस्त विकायचा म्हणून मेमरी कमी ठेवण्याचा निर्णय कंपनीचाच होता. म्हणूनच युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून नियम लागू केले: त्या मॉडेलची विक्री थांबल्यावर किमान पाच वर्षे ऑपरेटिंग सिस्टिमचे अपडेट आणि सात वर्षे मुख्य सुटे भाग मिळायला हवेत. ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून सुरक्षेचे अपडेट किती काळ मिळतील हे गिऱ्हाइकाला सांगणे सक्तीचे केले. पण कंपनीचा हेतू वाईट होता एवढ्याने उघडी फट बुजत नाही. रागावून जुन्याच फोनवर बँकेचे व्यवहार चालू ठेवले तर कंपनीला काही होत नाही, खाते आपले रिकामे होते. आक्षेपाचे दुसरे अर्धे, म्हणजे 'म्हणून सगळे बदलू नका', हे मात्र मला पटते आणि मी म्हणतो त्याच्या ते आड येत नाही. माहिती काढून घेतली, पैसे हलवले, की तोच फोन गाणी ऐकायला, एफएमवर बातम्यांना, गजराला, शेतात-प्रवासात जास्तीचा कॅमेरा म्हणून आणखी वर्षे चालवायला हरकत काय?

तंत्रज्ञान जाणणारी मंडळी दुसरा आक्षेप घेतात: कंपनी गेली तर गेली, आम्ही दुसरी प्रणाली चढवू. याला चांगला दाखला आहे. एचपीने १ जुलै २०११ ला टचपॅड हा वेबओएसवरचा टॅबलेट बाजारात आणला आणि अवघ्या सात आठवड्यांत, १८ ऑगस्टला, ती सगळी शाखाच बंद केल्याचे जाहीर केले. उरलेला माल ९९ डॉलरला काढला तेव्हा लोकांनी रांगा लावल्या. मग हौशी प्रोग्रॅमरांनी त्याच टॅबलेटवर अँड्रॉइड चालवून दाखवले आणि कितीतरी वर्षे तो वापरात राहिला. (वेबओएस पुढे एलजीकडे गेली, आज कित्येकांच्या दिवाणखान्यातल्या टीव्हीत तीच चालते आणि त्यांना तिचा पूर्वजन्म ठाऊक नसतो.) लिनिएजओएससारखे प्रकल्प आजही जुन्या अँड्रॉइड फोनांना नवे आयुष्य देतात आणि ज्याला जमते त्याने ते जरूर करावे. पण या वाटेला दोन मर्यादा आहेत. एक, बूटलोडर, म्हणजे फोन सुरू होताना प्रणाली चढवणारा भाग, उघडण्याची परवानगी देणारे फोनच यात बसतात. लुमियासारख्या बंदिस्त फोनांवर ते साध्या माणसाच्या आवाक्यातले नव्हते. दोन, अशा बदललेल्या फोनवर बँकांची बरीच ॲप चालायला नकार देतात. म्हणजे फोन वाचतो, पण ज्या कामासाठी तो तातडीने बदलायचा होता नेमके तेच काम तिथे अडते.

तिसरा आक्षेप म्हणजे हा सगळा इतिहास झाला. आता अँड्रॉइड आणि आयफोन दोनच उरले आहेत आणि ते कुठे जात नाहीत. नावे जात नाहीत हे खरे. पण फोन नावावर चालत नाही, आवृत्तीवर चालतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये व्हॉट्सॲपने अँड्रॉइड ५ किंवा पुढचे सक्तीचे केले. त्याआधीचे फोन 'अँड्रॉइड' असूनही बाहेर पडले. एलजीने ५ एप्रिल २०२१ ला फोनच्या धंद्यातूनच निवृत्ती जाहीर केली. आणि आपल्याकडची सर्वांत मोठी गोष्ट तर जिओफोनची. २०१७ मध्ये १,५०० रुपयांच्या परत मिळणाऱ्या अनामतीवर आलेल्या या फोनात कायओएस ही प्रणाली होती. ती मोझिलाच्या फायरफॉक्स ओएसमधून जन्मली, जिला मोझिलाने स्वतः २०१५ च्या अखेरीला वाऱ्यावर सोडले होते. २०१८ मध्ये जिओफोनवर व्हॉट्सॲप आले तेव्हा खेड्यापाड्यांत, ज्यांनी आयुष्यात दुसरा इंटरनेटचा फोन पाहिला नव्हता त्यांच्या हातात ते पोचले. २०२५ च्या सुरुवातीला तेच कायओएसवरून बंद झाले. प्लॅटफॉर्म बंद होणे ही काही महागड्या फोनवाल्या हौशी लोकांची अडचण राहिलेली नाही. उलट ज्याच्याजवळ दुसरा पर्याय नाही त्याला ती सर्वांत आधी गाठते. त्यामुळे पुढचा फोन घेताना कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलआधी एक प्रश्न विचारायला हवा: सुरक्षेचे अपडेट कोणत्या साला-महिन्यापर्यंत मिळतील? ऑक्टोबर २०२३ मध्ये गुगलने पिक्सेल ८ साठी आणि जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगने गॅलेक्सी एस२४ साठी सात वर्षांचे वचन दिले. स्वस्त फोनांत ही मुदत बरीच कमी असते, म्हणून किंमत नुसती न पाहता तिला अपडेटच्या वर्षांनी भागून पाहावे. बारा हजारांचा दोन वर्षांचा फोन आणि वीस हजारांचा पाच वर्षांचा फोन यांत स्वस्त कोणता, ते लगेच दिसते. जुना म्हणून घेतलेल्या फोनची मुदत मॉडेल बाजारात आल्यापासून मोजली जाते, आपण विकत घेतल्यापासून नाही.

राहता राहिला तो हँडसेट. देऊन टाकायचा असेल तर आधी त्यातून आपले खाते काढावे आणि मगच फॅक्टरी रिसेट करावा. उलट क्रमाने केले तर पुढच्या माणसाला तो जुन्या मालकाचा पासवर्ड मागत बसतो, आणि सर्व्हर बंद झालेल्या प्रणालीवर तो पासवर्ड देऊनही सुटका होईल याची खात्री नसते. मेमरी कार्ड काढून घेण्याचे लोक हमखास विसरतात. पाठ फुगलेली दिसली तर बॅटरी फुगली आहे. असा फोन चार्जिंगला लावू नये, टोचू-दाबू नये, आणि ओल्या किंवा सुक्या कचऱ्यातही टाकू नये. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार जुनी यंत्रे नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्यांपर्यंत जातील हे पाहण्याची जबाबदारी उत्पादक कंपन्यांवर आहे, तेव्हा फोन विकणाऱ्या ब्रँडच्या सर्व्हिस सेंटरवर आधी विचारावे. घरातच ठेवायचा असेल तर सिम काढून, वायफायची नोंद पुसून ठेवावा आणि बॅटरी निम्मी भरलेली असावी. अगदी रिकामी करून ठेवलेली बॅटरी काही महिन्यांत पुन्हा चार्ज घेईनाशी होते.